दीड मिलिमीटरची चूक

तळहातावर सहज मावेल असा एक बोर्ड आहे. लांबी सुमारे ६८.६ मिलिमीटर आणि रुंदी ५३.४, म्हणजे पत्त्यांच्या कॅटातले पानही त्याहून मोठे. नाव आर्डुइनो उनो. हौसेने यंत्रमानव बनवणाऱ्या मुलामुलींच्या खणात हल्ली तो हमखास सापडतो. त्याच्या दोन्ही लांब कडांना काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असून त्यांत तारा खोचण्यासाठी भोके आहेत. शेजारच्या दोन भोकांतले अंतर ठरलेले : एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखी ती शिस्तीत उभी असतात. मात्र एका कडेला, सात आणि आठ या क्रमांकांच्या भोकांमध्ये, ही शिस्त एकाएकी मोडते. तेथले अंतर ०.१६ इंच भरते. नेहमीपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर जास्त.

ही फट पाहून प्रथम वाटते, की यात काहीतरी खोल योजना असणार. जाणत्या माणसांनी केलेल्या वस्तूत आपल्याला न उमगणारे काही आढळले, की आपण त्याला शहाणपण समजतो. तो आपला जुना स्वभाव आहे. परंतु येथे योजना वगैरे काही नाही. ती चूक आहे. बोर्डाचा आराखडा काढताना भोकांची एक पट्टी जागेवरून सरकली, आणि ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा उशीर झाला होता. करणाऱ्यांनी ते कधी लपवलेले नाही. खरे नवल पुढेच आहे. २००५ साली हा बोर्ड जन्माला आला. तेव्हापासून २०२३ साली निघालेल्या ‘उनो आर-फोर’पर्यंत त्याच्यात जवळजवळ सर्व काही बदलले. मेंदू बदलला, स्मृती वाढली, तार जोडायचे तोंडसुद्धा बदलले. ती फट तेवढी राहिली. माहीत असलेली, मान्य केलेली आणि आराखड्यात सहज दुरुस्त होण्यासारखी चूक इतकी वर्षे जाणूनबुजून जपली गेली.

चूक कळली की ती सुधारावी, हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. मग जी माणसे इतर साऱ्या बाबतींत सुधारणा करत राहिली, त्यांनी ही एक चूक का ठेवली? आणि ठेवली ते योग्य केले का? हा प्रश्न मला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. दिसतो तितका तो छोटा नाही.

आधी या बोर्डाची कुळकथा सांगितली पाहिजे. उत्तर इटलीत तोरिनो शहराजवळ इव्रेआ नावाचे गाव आहे. ऑलिव्हेत्ती कंपनीचे टाइपरायटर मूळचे याच गावचे. माणूस आणि यंत्र यांचा व्यवहार कसा सुखाचा करावा, हे शिकवणारी एक संस्था तेथे होती. विद्यार्थी कलेचे आणि आरेखनाचे. विजेच्या शास्त्राशी त्यांची ओळख बेताचीच. आपल्या कल्पना हलत्याबोलत्या कराव्यात असे त्यांना वाटे, पण तेव्हा मिळणारी साधने महाग होती आणि अवघडही. हेर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने तेथे ‘वायरिंग’ नावाची सोपी पद्धत आणि तिचा बोर्ड तयार केला. त्या पायावर मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अधिक स्वस्त आणि अधिक साधा बोर्ड उभा केला. ही मंडळी गावातल्या ज्या बारमध्ये बसत, त्याच्या नावावरून बोर्डाचे नाव पडले. आणि त्या बारचे नाव पडले होते, इ. स. १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसलेल्या इव्रेआच्या आर्डुइन राजावरून. राजाचे राज्य थोड्या वर्षांत गेले. नाव मात्र हजार वर्षांनी मुलांच्या खेळण्यावर येऊन बसले.

बोर्डावर एक छोटी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. संगणकावर लिहिलेला हुकूम एकदा तिच्यात भरला, की संगणक काढून घेतला तरी ती तो इमानाने बजावत राहते. पुढे भिंत आहे का हे प्रतिध्वनीवरून ताडायचे, भिंत आली तर एक चाक थांबवून दुसरे फिरवायचे, जमिनीवरची काळी रेघ धरून चालायचे, अशी तिची कामे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन मोटारी, दोन चाके, प्रतिध्वनी टिपणारा एक डोळा आणि हा बोर्ड आणला, की घरात फिरणारी गाडी तयार होते. २०१६ पासून शाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघू लागल्या, आणि ज्या मुलांनी लॅमिंग्टन रोडचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या हातीही असे बोर्ड येऊ लागले.

या बोर्डात झालेल्या सुधारणांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. कारण त्यांतली एकेक सुधारणा कोणाच्या ना कोणाच्या कटकटीतून निघालेली दिसते. आरंभी नवा हुकूम भरताना बोर्डावरचे बटण नेमक्या क्षणी दाबावे लागे. क्षण हुकला की सारे पुन्हा. २००७ च्या ‘दिएचिमिला’ बोर्डात ते काम संगणकच करू लागला. दिएचिमिला म्हणजे इटालियनमध्ये दहा हजार. तेवढे बोर्ड तयार झाल्याची ती खूण. वीज संगणकाच्या तारेतून घ्यायची की बाहेरच्या बॅटरीतून, हे सांगण्यासाठी एक इवलीशी टोपी या पिनेवरून त्या पिनेवर बसवावी लागे. आणि असल्या टोप्या हरवण्यासाठीच जन्माला येतात. पुढच्या ‘दुएमिलानोव्हे’ बोर्डाला ते आपोआप ओळखता येऊ लागले. हुकूम साठवण्याची जागा आठ किलोबाइटची सोळा झाली, सोळाची बत्तीस झाली. २०१० साली ‘उनो’ आला. २०२३ च्या आर-फोरमध्ये रेनेसास या जपानी कंपनीची चिप बसली : वेग तिप्पट, साठवण आठपट, आणि काम करताना लागणारी स्मृती दोन किलोबाइटवरून बत्तीसवर.

आणि या सगळ्या प्रवासात सात-आठमधली ती फट तशीच.

माझ्या नातीने ही हकिकत ऐकून सरळ विचारले, “आजोबा, चूक ठाऊक होती, तर नवा बोर्ड काढताना सुधारली का नाही?” मुलांचे प्रश्न असे असतात. त्यांना फाटे नसतात, म्हणून त्यांतून पळवाटही नसते.

कारण शोधायचे तर बोर्डावर नव्हे, बोर्डाच्या डोक्यावर पाहिले पाहिजे. चिपेच्या एका पिनेतून मिळणारी वीज फार थोडी. जुन्या उनोमध्ये ती वीस मिलिअँपिअर धरतात. तेवढ्यात एक छोटा दिवा लागतो, मोटार हलत नाही. म्हणून मोटारी चालवण्यासाठी दुसरी एक पाटी लागते. ती या बोर्डावर थेट बसते. तिच्या खालच्या पिना बोर्डाच्या भोकांत शिरतात. तिला ‘शील्ड’ म्हणतात. मोटारींची शील्ड, इंटरनेटशी जोडणारी शील्ड, नोंदी साठवणारी शील्ड, असे तिचे नाना प्रकार. मूळ बोर्डाचे आराखडे सर्वांना खुले होते, त्यामुळे जगभरच्या लोकांनी अशा शील्ड तयार केल्या. कोणी कारखान्यात, कोणी घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवून. त्यांतल्या प्रत्येकाने माप घेताना ती फटही मोजली आणि आपली पाटी तिच्याबरहुकूम केली. आज फट बुजवली, तर त्या पाट्या नव्या बोर्डावर बसणार नाहीत.

येथे कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कुठे आला? हा व्यापार आहे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून जुने माप ठेवले, झाले. असेलही. परंतु स्वार्थ आणि कर्तव्य एका वाटेने निघाले, एवढ्यावरून कर्तव्य खोटे ठरत नाही. मूल रडून घर डोक्यावर घेईल या धास्तीने आई त्याला वेळेवर भरवते. म्हणून त्या घासातले पोषण काही कमी होत नाही. हेतू कोणताही असो, कृती योग्य की अयोग्य हा प्रश्न उरतोच.

दुसरा कोणी याच्या उलट म्हणेल : चूक ती चूक. तिच्यावर शंभर जणांनी इमारती बांधल्या म्हणून ती बरोबर होत नाही. उद्या शंभराचे दहा हजार होतील आणि दुरुस्ती आणखी महाग पडेल. तेव्हा जे करायचे ते आजच करा. हा पक्ष ताठ आहे आणि मला त्याच्याविषयी आदर वाटतो. तथापि त्याच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. चूक एकाच ठिकाणी थांबत नाही. काळाबरोबर तिचा मालक बदलतो.

जुन्या वाड्यांत सामाईक भिंती असत. समजा, मी माझी भिंत बांधली आणि ती वीतभर तिरकी झाली. शेजाऱ्याने अजून घर बांधलेले नाही, तोवर ती भिंत सर्वस्वी माझी. तेव्हा ती पाडून सरळ केली तर पैसा माझा, घाम माझा, आणि न केली तर आळसही माझाच. परंतु शेजाऱ्याने माझ्या शब्दावर, माझ्या देखत, त्या भिंतीवर आपली तुळई टेकवली, आणि त्या तुळईवर त्याचे माळवद उभे राहिले, की भिंत माझी असली तरी तिचा तिरकेपणा माझा एकट्याचा राहत नाही. तो आता आम्हा दोघांचा आहे. ‘मला माझी चूक सुधारायची आहे’ असे म्हणत मी घण उचलला, तर माळा त्याचा कोसळेल. त्या क्षणी माझी सत्यनिष्ठा दुसऱ्याच्या खर्चाने चालली आहे. प्रायश्चित्त मी घ्यावे आणि उपास शेजाऱ्याला घडावा, हा कुठला न्याय?

बोर्डाचे असेच झाले. ज्या दिवशी त्याचा आराखडा खुला करून ‘यावर हवे ते बांधा’ असे जगाला सांगितले, त्या दिवशी कोणत्याही कागदावर न लिहिलेले एक वचन दिले गेले. लोकांनी पुष्कळदा विश्वास ठेवला तो आमच्या शहाणपणावर नव्हे, आमच्या स्थिरपणावर. भोक येथे आहे, उद्याही येथेच असेल, एवढेच त्यांना हवे होते.

आणि ही गोष्ट या एका बोर्डापुरती नाही. ज्या विजेवर तो चालतो, तिच्या हिशेबातच एक फार जुना चुकलेला अंदाज मुरलेला आहे. अठराव्या शतकात, १७४७ च्या सुमारास, बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या दोन अवस्थांना अधिक आणि उणे अशी नावे दिली. कोणत्या बाजूला अधिक म्हणावे याला त्या काळी पुरावा नव्हता. त्याने एक बाजू धरली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला, तेव्हा कळले की तारेतून वाहणारे कण उणे विद्युतभाराचे आहेत. म्हणजे आकृतीतला बाण एका दिशेला आणि कण दुसऱ्या दिशेला. तोवर दीडशे वर्षांची पुस्तके, नियम आणि यंत्रे त्या बाणावर उभी राहिली होती. बाण तसाच ठेवला. आजही शाळेतले मूल प्रथम बाणाची दिशा शिकते आणि मागाहून कणांची. थोडा गोंधळ होतो, पण दिवा लागायचा तो लागतोच, आणि कोणाचे घर जळत नाही.

येथवर आलो, की मनात एक काटा टोचू लागतो. तो मी वाचकांपासून लपवणार नाही. ‘जुने आहे, त्यावर पुष्कळांनी घडी बसवली आहे, म्हणून राहू द्या’ हे बोल आपण महाराष्ट्रात पूर्वी ऐकलेले आहेत. आपल्या भाषेत बोर्डात होतो त्या बदलालाही सुधारणा म्हणतात, आणि १८८८ साली गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले तेव्हाही शब्द हाच होता. मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा केवढे वादळ उठले! समाजाची घडी विस्कटेल, शतकांची व्यवस्था कोसळेल, असे तेव्हाही बोलले गेले. तुळईचा माझा दाखला त्या मंडळींच्या हाती पडला असता, तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता. मग माझे म्हणणे आणि त्यांचे म्हणणे यांत फरक काय?

मला वाटते, फरक एका साध्या प्रश्नाने कळतो : भार कोण वाहतो? सात-आठमधल्या फटीचा भार जवळजवळ सारखा वाटला गेला आहे. घरी साध्या छिद्रांच्या पट्टीवर शील्ड करायला बसलेल्या प्रत्येकाला तिचा त्रास होतो. कारण त्या पट्टीची छिद्रे सरळ एक दशांश इंचावर असतात आणि पिना त्यांत बसत नाहीत. चिडचिड होते, पिन वाकवून भागवावे लागते, पण एवढेच. शिवाय हा बोर्ड त्याने स्वतः निवडलेला असतो. बालविवाहाचा भार असा वाटला गेलेला नव्हता. तो दहा-अकरा वर्षांच्या मुलीने एकटीने वाहायचा होता, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. घडी ज्यांनी बसवली त्यांची सोय, आणि कळ मात्र तिला. तेथे ‘तुळई कोसळेल’ म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे, की बाबा रे, ती तुळई तुझ्या भिंतीवर टेकलेली नाही, एका पोरीच्या खांद्यावर टेकलेली आहे. ती काढलीच पाहिजे, आणि माळव्याचे काय ते मागाहून पाहता येईल.

म्हणून चूक जपावी की मोडावी, याचे उत्तर चुकीच्या वयावरून मिळत नाही आणि तिच्यावर किती जण उभे आहेत यावरूनही मिळत नाही. ती राहिली तर कोणाला दुखते आणि मोडली तर कोणाला दुखते, ही दोन मापे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. गैरसोय आणि अन्याय हे एकाच काट्यात तोलायचे पदार्थ नव्हेत.

बरे, जपायची म्हणजे कायम तशीच ठेवायची का? येथे या बोर्डाच्या इतिहासाने मला फार शिकवले. जपणे आणि मोडणे यांच्यामध्ये तिसरी वाट असते, आणि ती काढायला थोडे कष्ट पडतात. काही उत्पादकांनी याच जातीचे बोर्ड करताना चुकलेली ओळ जागच्या जागी ठेवली आणि तिच्या शेजारी सरळ मापाची आणखी एक ओळ दिली. जुनी शील्ड जुन्या ओळीत बसते, नवा शिकाऊ नवी ओळ घेतो. ‘नॅनो’ नावाचा लांबोळा छोटा बोर्ड निघाला, त्याच्यावर शील्ड बसवण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे सर्व पिना निमूटपणे एका मापावर आल्या. जेथे कोणी विश्वास टाकलेला नाही, तेथे चूक पुढे नेण्याचे कारण नाही. कुळातला दोष नव्या शाखेने उचलायचा नाही, एवढा विवेक त्यात आहे.

आपल्या देशाने हेच एकदा मोठ्या प्रमाणावर केले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. आण्यांत चूक नव्हती, पण हिशेब दशमान करणे सोयीचे होते. त्या सकाळी बाजारातले आणे रद्दी ठरवले असते, तर भाजीवालीच्या कनवटीचे काय झाले असते? तसे केले नाही. जुनी आणि नवी नाणी काही काळ शेजारी शेजारी चालू दिली, नव्याला ‘नया पैसा’ म्हटले, आणि लोकांची बोटे सरावल्यावर १९६४ साली ते ‘नया’ही गळून पडले. नाणी गेली, पण ‘सोळा आणे खरे’ आपण अजून म्हणतोच. सुधारणेने भाषेच्या कनवटीलाही हात घातला नाही.

तिसऱ्या वाटेने जातानाही एक मोह टाळावा लागतो. त्या फटीची बाजू घेणारे म्हणतात, “अहो, ती फट आहे म्हणून तर शील्ड उलटी बसत नाही!” म्हणजे चुकीत गुण निघाला. निघो बापडा. पण मागून सापडलेला गुण हे चुकीचे जन्मरहस्य म्हणून सांगू नये. रूढींच्या बाबतीत आपण हेच करतो; आधी गोष्ट चालत आलेली असते, मग तिच्यासाठी शास्त्रीय कारण शोधतो, आणि शेवटी ते कारणच मूळ हेतू होते असे मुलांना सांगतो. बोर्ड करणाऱ्या मंडळींनी फट ठेवली, पण तिला चूकच म्हटले. माझ्या मते चूक जपण्याचा अधिकार तेवढ्यानेच मिळतो. नाव खरे ठेवले, तर उद्या कोणी तरी ती सुधारण्याची वाट काढू शकेल. तिला शहाणपणाची शाल पांघरली, की ती वाट बंद होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. माप राखले म्हणजे वचन राखले, असेही नाही. २०१२ साली ‘दुए’ नावाचा बलवान बोर्ड निघाला. ठेवण जुनीच, फट जुनीच. शील्ड आनंदाने वर बसे. परंतु आत ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्टचा कारभार होता, आणि जुन्या सवयीने कोणी पिनेला ५ व्होल्ट लावले तर चिप बिघडण्याचा धोका होता. आर-फोर काढताना ५ व्होल्ट परत आणले, हे चांगले झाले. तरी एक फरक राहिलाच. जुन्या उनोमध्ये एका पिनेला वीस मिलिअँपिअर चालत. आर-फोरमध्ये मर्यादा आठ मिलिअँपिअरची आहे. मुलांच्या पहिल्या धड्यात लाल दिव्याला २२० ओहमचा रोधक लावायला सांगतात. दिव्याचे सुमारे २ व्होल्ट वजा केले, की उरलेल्या ३ व्होल्टना २२० ने भागून प्रवाह सुमारे साडेतेरा मिलिअँपिअर येतो. जुन्या बोर्डाला हे पथ्यात बसे. नव्याला ते पथ्याबाहेर आहे. नव्यासाठी ४७० ओहम घ्यावा. तसेच जुन्या उनोची चिप बहुधा खोबणीत बसवलेली असे, जळली तर उपटून दुसरी घालता येई. आर-फोरची चिप बोर्डाला कायमची जोडलेली आहे. मोठ्या शक्तीबरोबर थोडी नाजुकता आली आणि थोडी दुरुस्तीची सोय गेली.

यात फसवणूक नाही. आठ मिलिअँपिअरचा आकडा माहितीपत्रकात स्पष्ट छापलेला आहे. परंतु माहितीपत्रक वाचणारा वेगळा आणि जुन्या वहीवरून दिवा जोडणारी सातवीतली मुलगी वेगळी. बोर्डाचा आकार तिला सांगतो, ‘मी तोच आहे’. बारीक अक्षरातला आकडा सांगतो, ‘मी तो नाही’. जेव्हा आकार एक सांगतो आणि अक्षर दुसरे, तेव्हा सामान्य माणूस आकारावर विश्वास ठेवतो. तेव्हा सुधारणा करणाऱ्याची जबाबदारी दुहेरी आहे : जे राखले ते राखावेच, आणि जे बदलले ते हाक मारून सांगावे. हे काम कसे करावे त्याचा एक सुंदर नमुना याच बोर्डात आहे. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत एका टोकाला एक नवी पिन दिली. ती काही चालवत नाही, मोजत नाही. बोर्ड किती व्होल्टवर चालतो एवढेच ती वर बसलेल्या शील्डला कळवते, म्हणजे शील्ड तसे जुळवून घेऊ शकते. जुन्या पिनांना तिने धक्का लावला नाही. पट्टीच्या टोकाला ती नम्रपणे उभी राहिली. मला ही पिन फार आवडते. आपल्या बदलाची आपण होऊन वर्दी देणारी माणसेही अशीच थोडी असतात.

दिवाळीत घरोघर नवे येते आणि जुने माळ्यावर जाते. वडील माणसांना वाटते, नवे लोक सारे मोडून टाकणार. तरुणांना वाटते, जुने लोक काहीच हलू देणार नाहीत. दोघांच्याही वादात पुष्कळदा एक गृहीत असते, की सुधारणा म्हणजे मोडणे आणि निष्ठा म्हणजे न हलणे. या लहानशा बोर्डाने मला उलटे शिकवले. तेथे मेंदू तीनदा-चारदा बदलला आणि निष्ठा टिकली. आणि जेथे ठेवण तीच राहून आतले बळ मुकाट्याने कमी झाले, तेथे निष्ठेला किंचित तडा गेला. बदल किती मोठा होता याच्याशी निष्ठेचा संबंध नव्हता. आपल्यावर कोण टेकले आहे, याची जाणीव ठेवून बदल झाला की नाही, एवढाच प्रश्न होता.

नातीला मी हे इतके लांबण लावून सांगितले नाही. “ती चूक आता एकट्यांची राहिली नाही, म्हणून,” एवढेच म्हणालो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग पहिल्या दिवशीच नीट मोजायला हवे होते.” यावर मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते असण्याची गरजही वाटली नाही. ज्यांच्या कामावर पुढे दुसऱ्यांची कामे उभी राहणार आहेत, त्या सर्वांना, मग ते बोर्ड करणारे असोत, कायदे करणारे असोत की मुले वाढवणारे असोत, हे एवढे वाक्य पुरे आहे.